माळकरी मामा आणि हॉप्सची वेल

बीअर दुकानात मिळते. जगातल्या बहुतेक लोकांना एवढी माहिती पुरते. ओरेगनमधल्या लोकांना ती पुरत नाही. पोर्टलंडच्या आसपास ज्याच्याकडे गॅरेज आहे त्याची गाडी रस्त्यावर पावसात भिजत असते, कारण गॅरेजात वीस-पंचवीस लिटरचं स्टीलचं पातेलं, काचेचे बुधले, रबरी नळ्या आणि 'हात लावू नका' अशी चिठ्ठी डकवलेलं एक पिंप असतं. पिंपातून अधूनमधून 'बुडुक' असा आवाज येतो. तो आला की घरमालक बोलता बोलता थांबतो आणि पाहुण्यांकडे अशा नजरेनं बघतो की पाहुण्यांना 'वा!' म्हणणं भाग पडतं.

त्याच्याही वरची पायरी म्हणजे बीअरला लागणारे हॉप्स स्वतःच्या परसात लावणं. घरी मिसळ करणारे पुण्यात पुष्कळ. पण मिसळ करायची म्हणून मटकी पेरणारा माणूस मी पाहिलेला नाही. इकडे मटकी पेरणारे गल्लोगल्ली आहेत. हिल्सबरोला राहणारे आमचे साडू त्यांपैकी एक.

ज्यांचा या विषयाशी संबंध फक्त ग्लासातून आला असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बार्लीला मोड आणून, ती वाळवून-भाजून गरम पाण्यात भिजवली की जो रस निघतो तो गुळमट गोड असतो. त्याला कडूपणा, वास आणि थोडाफार टिकाऊपणा देण्याचं काम हॉप्स करतात. हॉप्स म्हणजे एका वेलीच्या मादी फुलांचे हिरवट, कागदासारखे हलके, अंगठ्याएवढे तुरे. एक तुरा घेऊन मधोमध फाडला की पाकळ्यांच्या बुडाशी हळदीच्या रंगाची चिकट भुकटी दिसते. बोटांवर चोळली तर आधी लिंबाच्या सालीचा, मग देवदाराच्या लाकडाचा वास येतो आणि थोड्या वेळानं त्यात लसणीची छटा येऊ लागते. सगळा मामला त्या भुकटीचा. बाकीचा तुरा नुसता गाठोडं. युरोपात याची लागवड फार जुनी. बव्हेरियातल्या हालरटाऊ भागात इ. स. ७३६ मध्ये हॉप्सचा मळा असल्याची नोंद आहे, आणि १५१६ साली तिथल्या ड्यूकनं हुकूमच काढला की बीअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालायचं नाही. यीस्ट त्या यादीत नाही. ते आपलं आपण येत होतं, निमंत्रणाशिवाय.

साडूंचं समर्थन मात्र इतकं जुनं नाही. ते म्हणतात, "अहो, इंग्रज हिंदुस्थानात बीअर पाठवायचे तेव्हा एवढ्या लांबच्या प्रवासात टिकावी म्हणून हॉप्स जास्त घालायचे. त्या बीअरला आजही इंडिया पेल एल म्हणतात. आपल्या नावानं चाललेली गोष्ट आहे ही. आपण नाही लक्ष घालायचं तर कुणी?" मुंबई-कलकत्त्याच्या बंदरांवर ती पिंपं उतरवून घेणाऱ्या आपल्या लोकांच्या वाट्याला त्यातलं किती आलं, हा प्रश्न मी विचारला नाही. साडूंशी वाद घालायचा नसतो. ते थोरले जावई आहेत.

कायद्याची बाजू त्यांनी आधीच बघून ठेवलेली होती. घरी बीअर करायला अमेरिकेच्या केंद्र सरकारनं रीतसर मोकळीक दिली ती १९७८ साली, जिमी कार्टर यांच्या सहीनं. घरात दोन सज्ञान माणसं असली तर वर्षाला दोनशे गॅलन, एकटा असेल तर शंभर. विकायची नाही, एवढीच अट. आक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, बीअरच्या थेंबाला शिवत नाही. पण कायद्यानं तिच्या नावावर शंभर गॅलन निघतात हे साडूंनी तिला आनंदानं सांगितलं. ती म्हणाली, "माझा वाटा मला रोख द्या." आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून नांदता आहे आणि कागदोपत्री बघितलं तर प्यायलासुद्धा परवाना लागतो. तेव्हा हा लेख वाचून सांगली-कोल्हापुरात कुणी पिंप मांडू नये. वेल लावायला हरकत नाही. तिचं तिथं काय होईल ते पुढं येईलच.

साडूंनी पहिल्यांदा बी मागवलं. इथंच माणूस नवखा आहे हे कळतं. हॉप्समध्ये पपईसारखी नर झाडं वेगळी, मादी वेगळी. बियांतून निम्मी झाडं नर निघतात, उरलेल्या माद्यांचाही वाण आईसारखा निघेल याचा भरवसा नाही, आणि हे समजेपर्यंत एकदोन वर्षं पाणी घालत बसायचं. नराचा बीअरला शून्य उपयोग. उलट तो जवळपास असला तर मादी तुऱ्यांत बिया धरतात आणि मालाची प्रत उतरते. जर्मनीच्या हॉप्स भागात तर रानातला नरवेल दिसला की उपटून टाकायचा नियम आहे. साडूंनी हे सगळं जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचून दाखवलं. आक्का आणि माझी बायको एकमेकींकडे बघून हसल्या. आम्ही दोघं जावई ताटात बघत राहिलो.

म्हणून हॉप्स लावायचे ते मुळीपासून. या वेलीला जमिनीखाली आडवी पसरणारी जाड मुळी असते, तिला डोळे असतात. वीतभर तुकडा, त्यावर दोनतीन डोळे, तो वसंताच्या सुरुवातीला चार बोटं खोल आडवा निजवायचा. नर्सरीत असा तुकडा काही डॉलरला मिळतो आणि दिसायला तो सुकलेल्या आल्याहून भारदस्त नसतो. साडूंनी कॅस्केड वाणाच्या चार मुळ्या आणल्या. कॅस्केड इथल्याच, ओरेगनच्या संशोधनातून तयार झालेला वाण, १९७२ साली लोकांना मिळाला. त्यांना खरं तर सिट्रा हवा होता, पण त्याची मालकी राखलेली आहे. त्याची मुळी घरगुती माणसाला मिळत नाही. या वेलीबद्दल इथले बागवाले म्हणतात, पहिल्या वर्षी झोपते, दुसऱ्या वर्षी रांगते, तिसऱ्या वर्षी उडी मारते. साडूंची वेल पहिली दोन वर्षं म्हणीबरहुकूम वागली. तिसऱ्या वर्षी तिनं उडी मारली, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये सहा महिन्यांच्या व्हिसावर तासगावहून मामा-मामी आले.

मामा म्हणजे आमचे सासरे. उभा जन्म द्राक्षबागेत गेलेला. काडीवर किती डोळे ठेवायचे, पहिली फूट कुठली, बगलफूट कधी काढायची, शेंडा कधी मारायचा, भुरी कुठल्या हवेत येते आणि केवडा कुठल्या, हे त्यांना पंचांगासारखं पाठ. गळ्यात तुळशीची माळ. आषाढीची वारी चुकलेली त्यांना आठवत नाही. या वर्षीची चुकणार म्हणून ते आधीच थोडे नाराज होते. अशा माणसाला परसातली वेल बीअरसाठी आहे हे सांगायचं कुणी? आक्कानं तोड काढली. "बाबा, औषधी आहे. झोप लागते." हे खोटं नव्हतं. हॉप्स भरलेली उशी डोक्याखाली घेऊन झोपायची युरोपात जुनी रीत आहे. ज्या स्वरूपात साडू ती घेणार होते त्यानंही झोप लागतेच.

ठरल्याप्रमाणे मामा-मामी तीन महिने थोरलीकडे आणि तीन महिने आमच्याकडे राहणार होते. आमचं घर बीव्हर्टनला, अपार्टमेंटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. मामा आमच्याकडे एक रात्र राहिले. सकाळी गॅलरीत उभं राहून त्यांनी पार्किंगमधल्या गाड्या मोजल्या, डिशवॉशर उघडून बघितला आणि म्हणाले, "तुमच्याकडं करन्यासारकं काय न्हाई वो." संध्याकाळी ते परत हिल्सबरोला गेले ते गेलेच. एका वेलीनं माझ्या वाट्याचे सासू-सासरे पळवले, याची नोंद कुठंतरी व्हावी म्हणून इथं करतो. बायकोनं ते अजून मनाला लावून घेतलंय. मी आपला तिच्या दुःखात सहभागी आहे.

वेलीपाशी मामांनी केलेलं पहिलं काम म्हणजे कात्री मागितली. जमिनीतून लालसर, जाडजूड कोंब वर आले होते आणि साडू रोज सकाळी त्यांचे फोटो काढत होते. मामांनी ते सपासप जमिनीलगत कापले. साडू पांढरेफटक पडले. मामा शांतपणे म्हणाले, "पयली फूट उगंच जोरात पळती. पोकळ आसती. मागनं येती ती खरी." साडू आत जाऊन पुस्तक घेऊन आले. पुस्तकात तेच होतं. व्यापारी मळ्यांतसुद्धा पहिली फूट छाटतात आणि दुसऱ्या फुटीतले दोनतीन शेंडे तेवढे दोरीवर चढवतात. साडूंनी पुस्तक मिटलं ते पुन्हा त्या उन्हाळ्यात उघडलं नाही.

कापलेले कोंब मामींनी धुऊन, चिरून, लसणीच्या फोडणीवर टाकले आणि वर बेसन पेरलं. चव शेवग्याच्या कोवळ्या पाल्याकडे झुकणारी, मागून जराशी कडसर. मामांनी दोन भाकरी खाल्ल्या आणि मग खिशातून फोन काढला. २०२१ साली सगळ्या देशभर एक बातमी फिरली होती, की बिहारच्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्यानं हॉप्सचे कोंब पिकवलेत आणि त्यांना किलोला एक लाख रुपये भाव आहे. पुढं पत्रकार गावात जाऊन आले तेव्हा तिथं असलं कसलंच पीक सापडलं नाही. बातमी मेली, पण मामांच्या फोनमध्ये ती जिवंत होती. बेल्जियममध्ये पोपरिंगेच्या बाजूला हे कोंब वसंतातल्या थोड्याच आठवड्यांत मिळणारी चैन समजले जातात आणि मातीतून एकेक हातानं काढावे लागत असल्यानं महागही असतात, हे खरं आहे. पण लाखाचा हिशेब वेगळा. मामांनी रिकाम्या कढईकडे बघून अंदाज बांधला. "म्हंजे आत्ता आपन पन्नास हजाराची भाजी खाल्ली." मामी म्हणाल्या, "आन तुमी म्हनला मीठ कमी हाय."

मग मांडव. द्राक्षवाल्याला मांडव म्हटलं की अँगल, तारा आणि सात फूट उंची. हॉप्सला सात फुटांत कोंडलं तर ती सगळी एकमेकीत गुंतून जाळी होते. मळ्यांत पाच-साडेपाच मीटर उंच खांबांवर तारा ओढून त्यांवरून खाली दोऱ्या सोडतात. घरात एवढे खांब उभे करायचे तर कॉलनीच्या असोसिएशनची परवानगी लागते. ही असोसिएशन कुंपणाचा रंग, हिरवळीची उंची आणि कचऱ्याचा डबा किती वाजता आत घ्यायचा हे ठरवते. मामांना ती ग्रामपंचायत वाटली आणि सरपंचाला भेटून येऊ म्हणाले. साडूंनी अर्ज केला. उत्तर आलं की खांब चालणार नाहीत. त्यावर मामांनी वरच्या मजल्यावरच्या बेडरूमच्या खिडकीबाहेर कप्पी बसवून घेतली, तीतून दोर ओवला आणि त्याला आडवी काठी बांधून तिला वेलीच्या दोऱ्या जोडल्या. काढणीच्या वेळी शिडी नको. दोर सैल सोडला की सगळी बाग हातात उतरते. विहिरीवर अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाला हे सुचायला वेळ लागला नाही. असोसिएशनच्या नियमांत कप्पीचा उल्लेख नव्हता.

दोरी साधी नायलॉनची चालत नाही. वेलीला स्वतःचे तणावे नसतात. तिच्या खोडावर बारीक आकडेवजा केस असतात आणि त्यांच्या जोरावर ती वर चढते, म्हणून दोरी खरबरीत लागते. इथल्या मोठमोठ्या मळ्यांत ती काथ्याची असते, आणि बहुतेक श्रीलंकेतून येते. साडूंनी दुकानातून आणलेली गुंडी मामांनी बोटांत चोळून बघितली, हुंगली आणि म्हणाले, "ह्यो तर नारळाचा काथ्या!" जगातली बीअर कडू करणारी वेल नारळाच्या शेंडीला धरून वर जाते, हे कळल्यावर त्यांचा तिच्यावर लोभ जडला. नारळ म्हटल्यावर ते घरातलंच झालं.

त्यानंतर जे घडलं त्यानं लोभाची भक्ती झाली. साडूंनी एक शेंडा दोरीला नीट गुंडाळून ठेवला होता. सकाळी तो सुटून लोंबत होता. पुन्हा गुंडाळला, पुन्हा सुटला. मामांनी खुर्ची टाकून निरीक्षण केलं आणि निदान सांगितलं, "तुमी उलट्या अंगानं फिरीवताय." घेवडा, चवळी या वेली वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं चढतात. हॉप्स नेमकी काट्यांच्या दिशेनं. म्हणजे आधार कायम उजव्या हाताला ठेवून. म्हणजे प्रदक्षिणा. मामांनी स्वतःच्या हातानं शेंडा सव्य फिरवून लावला आणि वेलीला हात जोडले. पंढरपूर हुकलं होतं ते असं थोडं भरून निघालं. साडू मला हळूच म्हणाले, "आता यांना कसं सांगणार?"

मे-जूनमध्ये ही वेल दिवसाला वीतभर सहज वाढते, हवा मानवली तर फूटभरही. मामा सकाळी चहा घेऊन टेप लावायचे आणि मामींच्या औषधांच्या वहीत मागच्या पानावर आकडा लिहायचे. मला फोनवर कळवायचे. माझ्या मुलाची उंची त्यांनी एकदाही विचारली नाही. रोग-किडींची आघाडी उघडली तेव्हा तर त्यांना माहेरी आल्यागत झालं. भुरी ओळखीची, केवडा ओळखीचा. हॉप्सवरचा केवडा वेगळ्या बुरशीमुळे येतो, पण पानाच्या खाली करडी बुरशी दिसल्यावर मामांना जातपात विचारायची नव्हती. मावा आणि लाल कोळी हे तर इथले जुने रहिवासी. मामांनी बोर्डो मिश्रणाचं प्रमाण तोंडपाठ सांगितलं. साडू निमतेल घेऊन आले. बाटलीवरची किंमत ऐकून मामांनी तासगावच्या घरामागच्या लिंबाची आठवण काढली. त्याहून मोठा धक्का पुढं होता. माव्यावर उपाय म्हणून साडूंनी नर्सरीतून ढालकिड्यांची पिशवी विकत आणली. जिवंत. मोजून भरलेली. मामा बराच वेळ पिशवीकडे बघत राहिले. "पैसं देऊन किडं आनलं?" ते संध्याकाळी सोडायचे, नाहीतर उडून शेजाऱ्याकडे जातात. मामांनी संध्याकाळी सोडले. सकाळी ते शेजाऱ्याकडे गेले होते.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी न्यायची नाही. हॉप्स कुत्र्यांना घातक असतात, ओले, सुके आणि उकळून उरलेला चोथाही. खाल्ले तर अंगाचा ताप भराभर चढतो आणि जीव जाऊ शकतो. साडूंकडे कुत्रा आहे, म्हणून वेलीभोवती पहिल्या वर्षापासून जाळी आहे आणि चोथा झाकणाच्या डब्यात जातो. हे ज्याला जमणार नसेल त्यानं जाई-जुई लावावी.

आता खरी गंमत. हॉप्स लावणं अवघड नाही. ती वाढवणंही नाही. अवघड आहे ते थांबवणं. मुळ्या जमिनीखालून हिरवळीत जातात, फरशीच्या फटीतून डोकं काढतात, कुंपणाखालून शेजारी जातात. दर वर्षी कडेनं फावडं मारून त्या तोडाव्या लागतात आणि दर वर्षी बादलीभर मुळ्या हातात येतात. प्रत्येक तुकड्याला डोळे, म्हणजे प्रत्येक तुकडा एक नवी वेल. फेकून देणं साडूंच्या जिवावर येतं. त्यात मामा आलेले. त्यांनी जूनमध्ये कोवळ्या फांद्यांचे तुकडे करून कुंड्यांत खोचले, आणि एक लांब वेल वाकवून, मध्ये मध्ये मातीत दाबून, वर दगड ठेवून दाब कलमं केली. सगळं लागलं. काहीही मरेना. गॅरेजमध्ये कुंड्यांच्या रांगा लागल्या आणि बीअरची पिंपं भिंतीकडे सरकली.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हॉप्स लावणाऱ्या माणसाला बीअर नकोच असते. तिसऱ्या वर्षानंतर एक वेल अर्धा ते एक किलो सुके हॉप्स देते. वीसेक लिटरच्या एका घाण्याला लागतात पन्नास-शंभर ग्रॅम. साडू वर्षाला दोन घाणे करतात. वेली चार. उरलेल्या हॉप्सच्या पिशव्या आक्काच्या फ्रीझरमध्ये उकडीच्या मोदकांशेजारी पडून असतात. दुकानात एका घाण्याचे हॉप्स एका पिझ्झाहून कमी पैशात येतात. हिशेबात काहीच बसत नाही. तरी माणूस लावतो, कारण त्याला काहीतरी लावायचं असतं आणि बीअर म्हटलं की त्याला कुणी 'कशाला?' विचारत नाही. 'शोभेला' म्हटलं तर लगेच विचारतात.

साहजिकच कुंड्या वाटायची मोहीम निघाली. इथल्या मराठी घरांत झाडांची देवाणघेवाण चालते ती कढीपत्त्याची. ज्याच्याकडे कढीपत्त्याचं जुनं झाड आहे त्याला मंडळात मान असतो. हिवाळ्यात ते झाड घरात, खिडकीशी, हीटरजवळ. मालक सुट्टीवर गेला तर झाड मित्राकडे. एवढं करून ते फेब्रुवारीत पानं टाकतं. आणि ही हॉप्स, बर्फात गाडली तरी एप्रिलला हजर. साडूंना वाटलं होतं एका हॉप्सच्या कुंडीला एक कढीपत्त्याचं रोप असा सौदा होईल. प्रत्यक्षात लोकांनी कढीपत्ता दिला नाही आणि हॉप्स नेले ते केवळ मामा समोर उभे होते म्हणून. मामा प्रत्येकाला कुंडी देताना वेल कोणत्या बाजूनं फिरवायची ते करून दाखवत. पेटंटची, राखीव वाणांची गोष्ट साडूंनी त्यांना सांगितली तेव्हा ते म्हणाले, "आमच्या तालुक्यात बोरगावच्या बागंत तास-ए-गणेश निगाला. काडी सगळ्या म्हाराष्ट्रानं न्येली. आडवलं का कुनी?"

त्यांना दोन मुळ्या तासगावलाही न्यायच्या होत्या. परदेशातून झाडाची मुळी आणायची तर आयात परवाना लागतो, रोगमुक्तीचा दाखला लागतो. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरमध्ये हे सगळं आहे. पण त्याहून मोठी अडचण सूर्याची. हॉप्सला आधी लांबलचक दिवस लागतो, तोवर ती वाढते. दिवस लहान होऊ लागला की फुलते. हिल्सबरोला जूनमधला दिवस साडेपंधरा तासांच्या वर असतो, तासगावला तो सव्वातेरा तासांपलीकडे जात नाही. तिथं वेल हातभर वाढायच्या आधीच फुलायला बसेल. आपल्याकडे हॉप्सचे मळे केले गेले ते काश्मीरकडे आणि लाहौलच्या खोऱ्यात, उत्तरेला. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग बल्ब लावू की. ड्रॅगनफ्रूटला रातचं लावत्यात न्हवं?" साडू हसले. मी हसलो नाही. दक्षिण आफ्रिकेत हॉप्सच्या मळ्यांत रात्री दिवे लावून हेच करत असत हे मी वाचलं होतं. मामांना ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सामानात मुळ्या निघाल्या असत्या.

काढणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. म्हणजे नेमका गणपती. तुरा दाबल्यावर पुन्हा फुगला, हाताला कागदासारखा कुरकुरला, कडेला किंचित तपकिरी झाला आणि आतली भुकटी गर्द पिवळी झाली की वेळ झाली. मामांनी विचारलं, "ब्रिक्स कितीला काढायचा?" द्राक्षाची गोडी ब्रिक्समध्ये मोजतात, त्याला हातातलं यंत्र असतं. हॉप्सचा कडूपणा आम्लांच्या टक्केवारीत असतो आणि तो प्रयोगशाळेतच कळतो. तपासणीचा खर्च मालाहून जास्त. म्हणून घरचे हॉप्स कडूपणासाठी घालताना अंदाजपंचे, आणि शहाणे लोक ते शेवटी, वासापुरते घालतात. "म्हंजे नुसतं आंदाजानं धपके मारायचे," मामा म्हणाले. त्यांच्या मनातून हॉप्सची जात एक पायरी उतरली.

दोर सैल सोडला. सहा मीटर उंचीची हिरवी भिंत सरसरत खाली आली आणि साडू तिच्याखाली गेले. तोडायला दोन्ही घरं बसली. हे काम मजेचं वाटतं ते पहिला तासभर. खोडाचे केस कोपरापर्यंत लाल ओरखडे काढतात, बोटं काळी-चिकट होतात, आणि तो कडवटपणा साबणानं जात नाही. त्या रात्री भाताचा घासही कडू लागला. इंग्लंडात केंटच्या मळ्यांवर पूर्वी लंडनच्या गरीब वस्त्यांतली कुटुंबंच्या कुटुंबं तोडणीला जात. जॉर्ज ऑर्वेलही १९३१ साली गेला होता आणि हातांच्या दुर्दशेबद्दल त्यानं लिहून ठेवलंय. त्याला निदान मजुरी मिळाली होती.

लांब, तुऱ्यांनी लगडलेल्या वेली बघून बायकोला कल्पना सुचली की मंडळाच्या गणपतीच्या मखराला याच लावाव्यात. साडू घाबरले. वनस्पतीच्या कुळाचा प्रश्न होता, आणि कुणीतरी तो काढणारच होतं. हॉप्स भांगेच्या कुळातली. मामांना हे आडून आडून सांगितलं. त्यांनी क्षणभर विचार केला. "भांग म्हंजे म्हादेवाकडची. मग गनपतीला ही आजोळची न्हाई, वडलांकडची झाली. लावा." मखर देखणं झालं. आरतीच्या वेळी कापराच्या वर एक वेगळाच वास दरवळत होता आणि मंडळाचे काही सभासद दोनदोनदा दर्शन घेऊन गेले.

वाळवण हा मामांचा प्रांत. ताज्या तुऱ्यात ऐंशी टक्के पाणी. ते दहा टक्क्यांच्या आत-बाहेर आणायचं, आणि उन्हात नाही, कारण उन्हानं वास उडतो. इथले हौशी लोक खिडकीच्या जाळ्या एकावर एक रचून खाली पंखा लावतात. मामांनी एकदा बघितलं आणि गॅरेजमध्ये तीन मजली बेदाण्याचं रॅक उभं केलं. जाळी, मध्ये हवा, कडेला वाट. तासगावच्या बेदाणा शेडमध्ये असतं तसंच, फक्त लहान. तुऱ्याच्या मधला देठ वाकतो का कट्कन मोडतो हे ते रोज तपासायचे. मोडला, तसे त्यांनी हॉप्स पिशव्यांत दाबून भरले, हवा काढली आणि प्रत्येक पिशवीवर तारीख घातली. साडूंच्या अर्ध्या पिंपांवर अजून तारीख नाही.

निघायच्या आधीच्या रविवारी साडूंनी पातेलं चढवलं. मामा घरात असताना ते कधीच चढवलं नव्हतं. पण ताजा माल वाया जाईल ही भीती भिडेपेक्षा मोठी ठरली. बार्लीचा रस खदखदायला लागला, साडूंनी सुरुवातीला विकतचे हॉप्स घातले आणि तासाभरानं आच बंद करता करता घरचे. गॅरेजभर वास सुटला. मामा खुर्ची ओढून पातेल्यापाशी बसले. म्हणाले, "जरा द्या बघू वाटीत." आक्कानं डोळे मिटले. साडूंनी वाटी दिली. मामांनी फुंकर घालून दोन घोट घेतले, मिशा पुसल्या. "काढा ब्येस झालाय. गोड-कडू. ह्येच्यात आजून दारू न्हाई न्हवं?"

कुणी काही बोललं नाही.

"आवो, द्राक्षवाल्याला कळत न्हाई व्हय, बंद पिंपात गोड रसाचं काय हुतं ते? पयल्या दिवशीच वळाकलं. पिंपं दिसत हुती की." साडूंनी विचारलं, "मग मामा, बोलला का नाहीत?" मामा वाटी खाली ठेवत म्हणाले, "बोललो आसतो तर मला वेलीला हात लावाया आला आसता का? माळकऱ्यानं येल लावू नये आसं कुटं लिवलंय? हितपतूर माजं. आता त्यो यीस्ट का काय, त्यो तुमचा तुमी टाका." आणि ते उठून वेलीकडे गेले.

बीअर दिवाळीत उघडली. मामा-मामी तोवर तासगावला पोचून महिना उलटला होता. रंग तांबूस, फेस पांढरा आणि नाकाशी नेली की संत्र्याच्या सालीचा वास. मला आवडली. साडूंना इतकी आवडली की त्यांनी तिथल्या तिथं व्हिडिओ कॉल लावला, ग्लास कॅमेऱ्यासमोर धरला आणि मामांना तिचा रंग, फेस, वास, सगळं सांगायला सुरुवात केली.

"ते आसू द्या," मामा म्हणाले. "छाटनी क्येली का?"

"अजून नाही, मामा. जरा थंडी पडू दे म्हटलं..."

"आवो, ऑक्टोबर सरला! आमी हितं ऑक्टोबरात छाटली की हंगाम सुरू, तुमचा संपला तरी कात्री न्हाई? कोयता घ्या, गुडघ्याएवडं खोड ठिवा, आन बुडात चांगलं श्येनखत घाला. आन त्यो गलास बाजूला घ्या, मागं येल दिसंना झालीय."